धुळीतली चालेल, पाण्यातली नको : बडोद्यात जुनी हॉट हॅच घेऊन घरी दुरुस्त करून पुन्हा उभी करताना

जुनी गाडी बघायला गेलात, की बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरा आणि संपेपर्यंत बाहेर ओढा. रोजच्या वापरात बेल्टचा शेवटचा हातभर भाग बाहेर येतच नाही, त्यामुळे बुडालेली गाडी धुऊन विकणारा तेवढाच धुवायचा विसरतो.

समा भागातल्या एका सोसायटीत मी एक पांढरी फोक्सवॅगन पोलो बघायला गेलो होतो. सीट कव्हरं कोरी, डॅशबोर्ड चकाचक, आत मोगऱ्याच्या अत्तराचा असा घमघमाट की डोकं धरावं. मालक म्हणाले, "पाणी अड्युं ज नथी!" (पाणी शिवलंच नाही!) मी पाण्याबद्दल काही विचारलंच नव्हतं. बेल्ट ओढला. शेवटच्या वीतभर पट्टीवर, बशीत चहा वाळल्यावर राहतो तसा, तपकिरी काठ एका सरळ रेषेत उमटला होता. काकांनी आग्रहाने दिलेला चहा घेतला आणि निघालो.

बडोद्यात गाडी घेणाऱ्याने हे आधी शिकायचं. ३१ जुलै २०१९ ला इथे एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, फतेहगंज, कारेलीबाग, अकोटा इथल्या किती सोसायट्यांची पार्किंगं गाड्यांसकट बुडाली हे आपण बघितलंय. त्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. बऱ्याच वाळवून, धुऊन पुन्हा बाजारात आल्या, आणि त्यातल्या काही आज 'सिंगल ओनर, लेडी ड्रिव्हन' म्हणून समोर येतात.

माझं म्हणणं एवढंच आहे : उन्हात रंग उडालेली, उंदरांनी वायर कुरतडलेली, चारही टायर बसलेली, दोन वर्षं धूळ खात पडलेली गाडी घरी दुरुस्त होते. बुडालेली होत नाही. ती सहा महिने बरी चालते, मग एखाद्या कनेक्टरच्या आत हिरवा बुरा धरतो आणि एक दिवस पॉवर विंडो जाते, दुसऱ्या दिवशी एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो, तिसऱ्या दिवशी गाडी भर रस्त्यात बंद. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मधे, अगदी जमिनीलगत असतो. पाणी गुडघाभर आलं तरी त्याची अंघोळ होते.

कोणती गाडी

हॉट हॅच म्हणजे लहान, पाच दरवाजांची, घरच्यांना 'साधीच तर आहे' असं सांगता येणारी, पण इंजिन दांडगं असलेली गाडी. आपल्याकडे अशा फार आल्या नाहीत. २००१ ची फियाट पालिओ १.६, १०० हॉर्सपॉवरची, सचिनच्या जाहिरातीमुळे आपल्या पिढीच्या मनात घर करून बसलेली. २०१० साली आलेली पोलो १.६, १०५ हॉर्सपॉवर. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय. २०१५ ची फियाटचीच अबार्थ पुंटो, १४५ हॉर्सपॉवर, रांजणगावात बनलेली. २०१७ ची मारुतीची बलेनो आरएस.

यातली कोणती घ्यावी, याचं उत्तर मन एक देतं आणि स्पेअर पार्टचं दुकान दुसरं. नवख्याने दुकानाचं ऐकावं. माझी कसोटी सोपी आहे : त्या गाडीचे भाऊबंद शोधा. पोलो १.६ चं इंजिन फोक्सवॅगनच्याच व्हेंटो १.६ मध्येही होतं, त्यामुळे सेन्सर, कॉइल, इंजिन माउंटिंग सगळं मिळतं, नवं नाही तर जुनं. अबार्थचं १.४ टी-जेट इंजिन कमी ताकदीत फियाटच्या लिनियामध्ये होतं, तेव्हा इंजिनाचं काही ना काही जमतं. पण अबार्थच्या स्वतःच्या गोष्टींसाठी हिंडावं लागतं, आणि फियाटने इथल्या गाड्यांचा गाशा गुंडाळूनही आता बरीच वर्षं झाली. पालिओवर माझं प्रेम आहे. पहिली गाडी म्हणून ती मी माझ्या भावालाही घेऊ देणार नाही.

जीटी टीएसआय चालवायला भन्नाट, पण तिच्यात सात गिअरचा कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. तो बिघडला की बिल बघून पुढचे दोन दिवस जेवण जात नाही, आणि घरी त्यात हात घालता येत नाही. बलेनो आरएस या यादीतली सगळ्यात शहाणी निवड. गंमत किंचित कमी, झोप शांत.

मी घेतली पोलो १.६, २०११ ची, लाल. लाल म्हणजे कागदावर लाल. मांजलपूरला एका बंगल्याच्या मागे आंब्याखाली उभी होती, छतावर चीक वाळून काळा झालेला, आणि रंग विटून जुन्या चणियासारखा गुलाबी. मालकांचा मुलगा कॅनडाला गेलेला. त्यांनी दोन वर्षं रोज सकाळी गाडीकडे बघितलं, पण चावी लावली नाही. मला हवी होती ती हीच.

बघायला जाताना

सकाळी जा, उन्हात बघा, आणि मालकाला आधीच फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गरम इंजिन खोटं बोलतं. सोबत टॉर्च, लोहचुंबक आणि जुना टॉवेल न्या.

बेल्ट झाला, की डिकीतली स्टेपनी उचला. तिच्या खालच्या खड्ड्यात नदीचा गाळ बसलेला असतो. बारीक, मऊ, सुकल्यावर पिठासारखा. रस्त्याची धूळ खरखरीत लागते, गाळ बोटाला साबणासारखा लागतो. मग सीटच्या खाली टॉर्च मारा : सीटच्या रुळांचे बोल्ट तांबूस गंजलेले दिसले तर आत पाणी येऊन गेलंय. ड्रायव्हरच्या पायांशी गालिचाचा कोपरा उचलून खालच्या फोमला नाक लावा. लाजू नका, अत्तर तिथपर्यंत पोचत नाही. शेवटी हेडलाइटच्या आत बघा, बाहेरून पॉलिश करतात, आत कोण करतो?

मात्र एक शंका मनात ठेवा. पोलोच्या पायांशी ओल सापडली म्हणजे ती बुडालीच होती असं नाही. या गाडीत दाराच्या आतल्या पत्र्याचं सील सुटतं आणि पावसाचं पाणी थेट आत उतरतं. एसीची पाण्याची नळी तुंबली तरी गालिचा भिजतो. ओल आहे पण गाळ नाही, बोल्ट स्वच्छ आहेत, बेल्ट स्वच्छ आहे, तर भाव पाडा आणि घ्या.

लोहचुंबक रंगासाठी. पातळ कापडात गुंडाळून दारांवर, मडगार्डवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलीय. एखाद्या दारावर लांबी म्हणजे कुठेतरी घासली, चालतं. छताच्या खांबांवर किंवा बॉनेटखालच्या मुख्य लांब पट्ट्यांवर लांबी म्हणजे मोठा अपघात. ती सोडा.

गुजरातेतला एक खास प्रश्न विसरू नका : सीएनजी लावला होता का? हसू नका, १०५ हॉर्सपॉवरच्या गाडीत बाटला, म्हणजे गॅसचा सिलिंडर, बसवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. डिकीत बाटल्याच्या ब्रॅकेटची भोकं दिसतात. किट काढून टाकलं असेल तर आरसी बुकातूनही काढलंय का बघा. ते अजून असेल तर नोंद हवी आणि बाटल्याची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. गॅसवर फार चाललेल्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट खाल्ल्या जाण्याची भीती असते, म्हणून अशा गाडीत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. मोजायचं मीटर मिस्त्रीकडे असतं. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असावेत. तीन सारखे आणि एक बसलेला असेल तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावं लागणार असं समजा.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच लोक फसतात. आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडा, बरोबर कुणीतरी मोठ्याने वाचायला ठेवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटलंय हे तोंडी ऐकू नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, आणि इथला कर वेगळा. मुंबई-पुण्याची गाडी स्वस्त दिसते ती बऱ्याचदा यामुळे. ई-चलन ऑनलाइन बघा. माझ्या गाडीवर तीन निघाली, मालकांनी कपाळाला हात लावून मुलाला कॅनडात फोन केला.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवतात. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षं झालेल्या मोटारीच्या पहिल्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली. म्हणजे २०११ ची गाडी घेताना तुम्ही एक आरटीओची फेरीही विकत घेता, आणि तो खर्च भावात धरायचा. बडोद्याचं आरटीओ दर्जीपुऱ्याला आहे. सकाळी लवकर जा.

नाव बदलेपर्यंत गाडीने काही केलं तर पोलीस आधी जुन्या मालकाच्या दारात जातात, म्हणून त्यालाही घाई असावी असं वाटतं. नसते. कागद त्याच्याकडे सोपवून येऊ नका, सोबत बसून सह्या घ्या. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका.

पैशांचं गणित : जेवढ्याला गाडी घ्याल, तेवढेच पुन्हा बाजूला ठेवा. माझी एक लाख दहा हजारांना आली आणि वर एक लाख तीस हजार खाऊन उभी राहिली. त्यातले चाळीस हजार टायर आणि क्लचनेच घेतले. बायकोला मी पहिला आकडा सांगितला होता. दुसरा तिने बिलांवरून काढला.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

चालवत आणू नका. सपाट ट्रकवर घालून आणा. दोन वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक लागतील की नाही हे कुणालाच माहीत नसतं, आणि जुनं पेट्रोल ओढून पंप गेला तर त्याचाही हिशोब वाढतो.

जागा सपाट हवी. आमच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत, त्यावर जॅक ठेवला की ब्लॉक खचतो, म्हणून जाड प्लायवुडचे दोन तुकडे खाली घातले. गाडी जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जायचं नाही. जॅक उचलायला असतो. धरायला घोडी (जॅक स्टँड) लागते, आणि घोड्या चांगल्या घ्या, चार घ्या. उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. गाडी घोड्यांवर बसली, की हाताने जोरात हलवून बघा, मगच खाली सरका. या लेखात एकाच वाक्यावर मी हट्ट धरणार असेन, तर ते हे.

हत्यारं सुरुवातीला थोडीच लागतात : गोटी पान्यांचा बरा सेट, टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते सांगणारा), पक्कड, टॉर्क्स बिट्स (चांदणीच्या आकाराचे, जर्मन गाडी म्हटली की ते लागणारच), मल्टिमीटर. स्वस्तातला ईएलएम ३२७ स्कॅनर मोबाइलवर इंजिनाच्या बिघाडाचे कोड दाखवतो. त्याच्या पलीकडचं, म्हणजे एबीएस किंवा एअरबॅगचं, तो वाचेलच असं नाही.

पहिला आठवडा काहीही मागवायचं नाही. धुवा, आतला कचरा काढा, आणि वहीत लिहा. नवखा पहिल्याच रात्री ऑनलाइन सायलेन्सर आणि अलॉय मागवतो. मीही कार्टमध्ये टाकले होते. मग एअर फिल्टरचा डबा उघडला आणि त्यात उंदराचं घरटं निघालं, सीटच्या फोमचं, अगदी टापटीप. मागच्या बाजूची वायरिंग त्यानेच सोललेली. अलॉयचे पैसे तिथे गेले.

चावी लावायच्या आधी

टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. त्याला वार्निशसारखा आंबूस वास येत असेल तर एक थेंबही ठेवू नका. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. त्यात या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या दाबून बघा. कडक झालेली किंवा तडकलेली एकही नळी ठेवायची नाही. गाडी जळते ती इथून.

मग चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये, बॅटरी सुटी, आणि क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, ते ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने. सुरळीत फिरलं तर ठीक. कुठे अडकलं तर जोर करू नका, मिस्त्रीला बोलवा. ऑइल आणि फिल्टर बदला, पोलोला ५-डब्ल्यू-४०, फोक्सवॅगनच्या ५०२.०० दर्जाचं. पट्टे तपासा. तुमची गाडी टायमिंग बेल्टची (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याची) असेल, पालिओ-अबार्थ तशा आहेत, तर मीटर काहीही सांगो, बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलून टाका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची भेट होऊ शकते. हे काम पहिल्यांदा स्वतः करू नका, शेजारी उभं राहून बघा.

बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू झाल्यावर आकडा चौदाच्या जवळ गेला पाहिजे, नाही गेला तर अल्टरनेटर.

ब्रेक आधी, वेग नंतर

इंजिन सुरू झालं की हात शिवशिवतात. थांबा. मी तीन आठवडे गाडी फक्त अंगणात पुढे-मागे केली.

टायर कितीही जाड दिसो, बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का बघा. ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. जुने टायर लाकडासारखे होतात आणि पहिल्या पावसात घसरतात. पोलो १.६ ला १८५/६० आर १५ लागतात. मोठे घालू नका, गाडी जड चालते आणि आरटीओला उत्तर द्यावं लागतं.

पोलोला मागे ड्रम ब्रेक आहेत. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल तर लायनर ड्रमला चिकटलेला असतो. रबरी हातोडीने ड्रमच्या कडेवर चौफेर हलकेच ठोका, ओढाताण करू नका. पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकपिना काढून साफ करा, ब्रेकचंच ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. मागच्या ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका, ब्रेक क्लीनरने धुवा.

ब्रेक ऑइल डॉट ४, आणि ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं कारण ते हवेतली ओल पितं. माझ्या गाडीतलं काळ्या कॉफीसारखं निघालं. ब्लीडिंगला, म्हणजे नळ्यांतलं जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायला, दोन माणसं लागतात. माझी मुलगी पॅडलवर, मी चाकाशी, एका हातात पाना, दुसऱ्यात पारदर्शक नळी आणि बाटली. "बाबा, दाबू?" "दाब. धरून ठेव." निपल (चाकाजवळचा ऑइल सोडायचा बोल्ट) पाव फेरा सैल, नळीतून बुडबुडे, निपल बंद. "सोड." पंधराव्या वेळी तिने कंटाळून मी निपल बंद करायच्या आधीच पाय उचलला, हवा आत गेली, आणि ते चाक पहिल्यापासून केलं. दोष तिचा नाही. मदतनिसाला आधी नियम समजावून सांगायचा असतो, तो मी सांगितलाच नव्हता.

यात एक बारकावा आहे, तो मला मकरपुऱ्याच्या मिस्त्रींनी सांगितला. जुन्या गाडीत पॅडल पार जमिनीपर्यंत दाबायचं नाही; खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. मास्टर सिलिंडरच्या (पॅडलमागे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या) आतला जो भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो तिथे गंज धरलेला असतो, आणि त्यावरून सील गेलं की फाटतं. चाकांचा क्रम एबीएसच्या गाडीत कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे. शेवटी इंजिन चालू करून पॅडल जोरात दाबून ठेवा, ते हळूहळू खाली बुडत असेल तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

बाकीचं इंजिन

बडोद्यातला मे महिना कूलिंगची परीक्षा घेतो. या गाडीत थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं आहे आणि ते तडकतं. टॉर्च मारून बाजूला गुलाबी-पांढरी पापडी दिसते का बघा. कूलंट गुलाबी, जी १२ जातीचं. त्यात हिरवं मिसळू नका आणि नळाचं पाणी अजिबात घालू नका, आपल्या बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये मुतखडे होतात. डिस्टिल्ड पाणी वापरा. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे लिहायची गरज नसावी, पण माझ्या एका मित्राच्या हातावर अजून डाग आहे.

गाडी अडखळत चालत असेल तर स्कॅनर लावा. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, इंधन नीट पेटत नाही. लगेच नवी कॉइल (प्लगला वीज पुरवणारा भाग) आणू नका. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइलच दोषी, नाही झाला तर प्लग किंवा इंजेक्टर. अर्ध्या तासात उत्तर मिळतं आणि पैसे वाचतात. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केल्यावर इंजिन उभ्या गाडीत काही वेळ एकसारखं चालत नाही. घाबरू नका, पण स्कॅनरवाल्याकडून अडॅप्टेशन, म्हणजे झडपेची नव्याने जुळणी, करून घ्या.

सस्पेन्शनचं निदान घरी, काम बाहेर. स्पीडब्रेकरवरून एकच चाक हळू उतरवा, 'टक' आला तर लिंक रॉड, 'धब' आला तर लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश. बुश ठोकून बसवायचे नसतात, प्रेसवर दाबून बसवतात. मकरपुरा जीआयडीसीत प्रेस असलेली वर्कशॉप सापडतात, आर्म सोडवून घेऊन गेलात तर मजुरी किरकोळ लागते. नंतर अलाइनमेंट.

आणि मग पाऊस

जूनमध्ये पहिल्या जोरदार सरीनंतर सकाळी दार उघडलं तर पायांशी पाणी. माझ्या पोटात गोळा आला : एवढं तपासून शेवटी बुडालेलीच गळ्यात पडली की काय? पुन्हा बेल्ट ओढला, स्टेपनी काढली. गाळ नाही. मग दाराचं आतलं पॅनेल उघडलं आणि मुलीला बाहेरून काचेवर तांब्याने पाणी सोडायला सांगितलं. काचेच्या खाचेतून पाणी दारात उतरत होतं, ते बरोबरच, दाराला खालून निचऱ्याची भोकं असतात. पण आतल्या पत्र्याचं सील एका कोपऱ्यात सुटलं होतं आणि तिथून बारीक धार दाराच्या उंबरठ्यावरून गालिचात जात होती. जुना गोंद थिनरने काढला, ब्यूटाइलची चिकटपट्टी फिरवून पत्रा दाबून बसवला. पट्टीला काहीशे रुपये, वेळ एक रविवार. तेवढ्यासाठी एका गॅरेजात मला अख्खं दार बदलायला सांगितलं होतं. गालिचा मात्र पूर्ण काढून उन्हात वाळवा. वरून कोरडा लागतो, खालचा फोम आठवडाभर ओला असतो आणि त्याखालचा पत्रा गंजतो.

रंग सगळ्यात शेवटी

विटलेला लाल रंग बहुतेक वेळा मेलेला नसतो, त्यावरचा थर मेलेला असतो. आधी एका कोपऱ्यात कंपाउंड करून, म्हणजे पॉलिशच्या पेस्टने घासून, बघा. माझं बॉनेट आणि दोन दारं हाताने परत आली. छतावरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मात्र पापुद्रे सुटलेला होता, तिथे कंपाउंडचा उपयोग नाही, रंगच मारावा लागतो. छताचं काम बाहेर दिलं तिथे त्यांनी मी बघत नसताना चांगल्या भागावरही लांबी थापली, आणि ती पुढच्या उन्हाळ्यात फुगली. म्हणून रंगाच्या आधी, घासल्यावर आणि प्रायमरनंतर, तीन वेळा स्वतः जाऊन फोटो काढा. रंग बदलायचा विचार असेल तर आरसीवरही बदलावा लागतो. त्याच रंगात रंगवणं सोपं.

हेडलाइट घरीच करा : ८०० चा पॉलिश पेपर पाण्यात, मग १५००, मग २०००, मग कंपाउंड, आणि वर यूव्हीचा थर. तो थर नाही दिला तर तीन महिन्यांत पुन्हा पिवळे.

पहिली लांब फेरी

पहिल्या दिवशी एक्सप्रेस-वेवर जाऊ नका. मी रविवारी सकाळी हालोलपर्यंत गेलो, पावागढ समोर दिसू लागला तिथे थांबलो, तापमानाचा काटा बघितला, खाली वाकून बघितलं, चहा घेतला, परत आलो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, पोलोला १२० न्यूटन मीटर. कूलंटची पातळी थंड इंजिनावर बघा, पहिल्या आठवड्यात ती थोडी उतरते कारण आत अडकलेली हवा निघते. त्यानंतरही उतरत राहिली तर गळती शोधा.

आणि रोज रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी तो वाचायचा. समोरच्या बाजूला काळपट तेलकट डाग म्हणजे इंजिन ऑइल, गुलाबी म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिक्कट, निसरडा डाग दिसला तर ब्रेक ऑइल, गाडी हलवायची नाही. पायांच्या जागेखाली नुसतं पाणी असेल तर तो एसी आहे, आणि नळी तुंबलेली नाही याची ती खूण. माझ्या पुठ्ठ्यावर पहिले चार दिवस एक गुलाबी ठिपका पडत होता, पन्नास पैशांच्या नाण्याएवढा. थर्मोस्टॅटच्या नळीची क्लिप नीट बसली नव्हती. पाचव्या दिवशी पुठ्ठा कोरा निघाला.